झाकण

"आ के वेले एल मार?" असं त्या कस्टमवाल्याने स्पॅनिशमध्ये विचारलं, म्हणजे निदान मला तरी तसंच ऐकू आलं, आणि मी "पेस्कादो" असं एका शब्दात उत्तर देऊन, वर "पेर्दोन" जोडून, बरणीचं झाकण गच्च लावून टाकलं. समुद्राला वास कसला येतो? मासळीचा. सॉरी. संपलं संभाषण. दहा सेकंदसुद्धा झाली नसतील. मग त्याने माझ्या कागदावर शिक्का मारला, मी हेल्मेट चढवलं, चार वेळा स्टार्टर मारल्यावर एकदाची बाईक सुरू झाली आणि मी निघालो. आता याला बरीच वर्षं झाली, पण अजूनही भांडी घासताना नाहीतर सिग्नलला उभा असताना मधेच ते दहा सेकंद आठवतात आणि तोंडातून आपोआप "च्च" निघतं. बायको विचारते काय झालं, मी म्हणतो काही नाही.

जागा होती आपाचेता, बोलिव्हियाच्या पार नैऋत्य कोपऱ्यात. गाव वगैरे काही नाही. बोलिव्हियातून इकडून चिलीत उतरायचं तर पासपोर्टवर शिक्का मिळतो ईतो काहोन नावाच्या सीमेवरच्या चौकीत, पण गाडीचा कागद तेव्हा तिथे होत नव्हता. त्यासाठी सीमेच्या सत्तर-ऐंशी किलोमीटर अलीकडे मुख्य वाट सोडून वर चढायचं, बोरिक ॲसिडच्या एका कारखान्याशेजारी कस्टमचं ऑफिस होतं तिथे जायचं, आणि देशात शिरताना मिळालेला बाईकचा तात्पुरता परवाना रद्द करून घ्यायचा. नाहीतर सरकारदरबारी तुमची बाईक कायमची बोलिव्हियातच राहते. माणूस इथून बाहेर, गाडी तिथून बाहेर, असा हा प्रकार. आणि उंची ५००० मीटरच्या आसपास. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी थोड्या कमीच पडतील. लडाखला जाऊन आलेले लोक म्हणतील त्यात काय, आम्ही खारदुंगला केलाय, मीपण केलाय, पण खारदुंगला तुम्ही पाटीपाशी फोटो काढता, मॅगी खाता आणि वीस मिनिटांत उतरायला लागता. इथे तुम्हाला फॉर्म भरायचा असतो. त्या उंचीवर हवा निम्मीच उरते आणि त्या निम्म्या हवेत स्वतःचा चेसिस नंबर कॅपिटलमध्ये लिहिणं ही काय चीज आहे ते केल्याशिवाय कळत नाही. सात लिहिला की नऊ लिहिला तेच समजत नव्हतं मला.

बाईक माझी नव्हतीच. लिमामध्ये माझा एक पुण्याचा मित्र नोकरीला आहे, त्याची २५० सीसीची, कार्ब्युरेटरवाली, आणि ती देशाबाहेर न्यायला त्याने नोटरीकडून पत्र करून दिलेलं. हे पत्र मी पासपोर्टपेक्षा जास्त जपत होतो, प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी टँकबॅगमध्ये, आणि त्याच टँकबॅगमध्ये आईने दिलेली जवळ्याच्या चटणीची बरणी. आता टँकबॅगमध्ये का, तर मागच्या बॉक्समध्ये ती आपटून फुटेल अशी भीती. तिकडच्या त्या कच्च्या रस्त्यांना लाटा पडलेल्या असतात, एकामागे एक, हातभर अंतरावर, बोलिव्हियात त्याला 'कालामिना' म्हणतात. कालामिना म्हणजे खरं तर छपराचा पन्हाळीचा पत्रा. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण दोन दिवस मी मनातल्या मनात तेच म्हणत होतो, आपण आमच्या गोठ्याच्या पत्र्यावरून बाईक चालवतोय. हळू चालवलं तर दात वाजतात, जोरात चालवलं तर चाकं लाटांच्या माथ्यावरून तरंगत जातात आणि मग अचानक वाळू लागली की तुम्ही आडवे. मी त्या दोन दिवसांत पाच वेळा आडवा झालो. एकदा तर नुसता उभा असताना, पाय टेकवला तिथे खड्डा होता. पडल्यावर बाईक उचलायची आणि मग दहा मिनिटं तिच्याच अंगावर डोकं टेकून श्वास परत यायची वाट बघायची.

तर ऑफिसात एकच माणूस होता. पंचवीस-सव्वीसचा असेल, लोकरीची कानटोपी, गालात कोकाच्या पानांचा गोळा, आपल्याकडे तंबाखूचा बार भरून लोक बसतात तसा. शेगडीपाशी बसून मोबाइलमध्ये काहीतरी बघत होता, रेंज नसणार, जुनंच काही असेल. कागद बघितले, बाहेर येऊन नंबर ताडून बघितला, मग म्हणाला बॅग उघडा. मी बॉक्स उघडले, मोजे वगैरे. मग टँकबॅग. त्यात बरणी. बोर्नव्हिटाची प्लास्टिकची, तोंडाला पिशवी आणि त्यावर तीन रबर. हे काय? मी म्हटलं, 'कोमीदा', म्हणजे खायचं आहे. त्याने उघडायची खूण केली. आता ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळणार नाही, पण सुका जवळा भाजून, लसूण-खोबरं-मिरची घालून केलेली चटणी महिनाभर डब्यात राहिली आणि मग एकदम उघडली की काय होतं. आणि तीसुद्धा अशा हवेत जिथे दुसरा कसलाच वास नाही. दोन दिवस मला धूळ आणि पेट्रोल सोडून कसला वास आला नव्हता. ते झाकण निघालं आणि अख्खं हर्णै बंदर त्या टेबलावर येऊन बसलं.

त्याने नाक पुढे केलं, डोळे बारीक केले. आणि विचारलं.

मी पुण्यात कॉलेजला आलो तेव्हा होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात आईची बरणी उघडली होती. रूममेट लातूरचा, स्वभावाने अतिशय चांगला, आजही फोन करतो. तो कॉटवरून उठून बसला आणि म्हणाला, "अरे, कपाटामागं उंदीर मेलाय का बघ रे." त्याला खरंच तसं वाटलं होतं, चेष्टा नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. मीही त्याच्याबरोबर कपाट पुढे ओढून मागे बघितलं, शप्पथ. बरणी रात्री गॅलरीत ठेवली. पुढे भाड्याच्या घरांमध्ये तर काय, "नॉनव्हेज करता का?" हा प्रश्न डिपॉझिटच्या आधी यायचा, अंडी चालतील पण मासे नकोत, मासे केलेत तर खिडकी उघडू नका, काही ठिकाणी खिडकी उघडा. मी सगळ्याला हो म्हणायचो. हळूहळू हाताला सवय लागली, की कुणी जवळ आलं की झाकण लावायचं. ऑफिसात डबा मायक्रोवेव्हमध्ये न ठेवता गारच खायचा. लिफ्टमध्ये बाजाराची पिशवी पाठीमागे धरायची. यातलं कुणी मला हात धरून शिकवलं नाही, म्हणून कुणावर राग धरायचीपण सोय नाही. दापोलीत शाळेत असताना डब्यातल्या सुकटीवरून आमची मारामारी व्हायची, म्हणजे कुणाला जास्त मिळाली यावरून. तोच मी.

आणि तोच मी ५००० मीटरवर, जिथून हाक मारली तर ऐकायला पुढचा माणूस ट्रकवालाच, तिथे "पेर्दोन" म्हणालो.

हे सगळं ऑक्टोबर २०१८ मधलं. आणि हा महिना इथे महत्त्वाचा आहे. १ ऑक्टोबरला मी ला पाझमध्ये होतो, तिथल्या एका खानावळीत टीव्ही लावलेला आणि सगळे जेवायचे थांबून वर बघत होते. हेगच्या कोर्टाचा निकाल. १८७९ ते १८८४ च्या लढाईत बोलिव्हियाचा सगळा किनारा चिलीने घेतला, पुढे १९०४ मध्ये तह होऊन त्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि तेव्हापासून या देशाला समुद्र नाही. त्या दिवशी कोर्टाने बारा विरुद्ध तीन असा निकाल दिला, की समुद्राच्या वाटेबद्दल बोलणी करायला चिली बांधील नाही. खानावळवाल्या बाईंनी टीव्ही बंद केला आणि मला विचारलं, सूप आणखी हवं का. कुणी ओरडलं नाही, टेबल आपटलं नाही. घरात कुणाच्या तरी परीक्षेचा निकाल लागावा, नापास, आणि सगळ्यांना आधीपासूनच माहीत असावं, तसं. मी पाव चिवडत बसलो. बाहेर भिंतीवर निळा झेंडा रंगवलेला होता. समुद्रावरच्या हक्काचा म्हणून त्यांचा वेगळा निळा झेंडा आहे, त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी ला पाझ ते ओरूरोच्या हायवेवर तो जवळजवळ २०० किलोमीटर लांबीचा करून अंथरला होता. पुण्याहून महाबळेश्वरला जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत, एवढं निळं कापड.

निकालाच्या काही दिवस आधी तितिकाका तलावावर तिकिनाच्या सामुद्रधुनीत बाईक लाकडी तराफ्यावर चढवून पलीकडे गेलो होतो. दाभोळची जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, बघितलेल्या माणसाला तो तराफा म्हणजे अगदी लहानपणीचं खेळणं वाटेल, फळ्यांमधून खालचं पाणी दिसतं, आणि बाईक स्वतःच धरून उभं राहायचं. तिथे नौदलाचे जवान दिसले. समुद्र नसलेल्या देशाचं नौदल, पांढरे कपडे, कडक इस्त्री, ३८०० मीटरवर. भिंतीवर लिहिलेलं, की समुद्र हक्काने आमचा आहे आणि तो परत मिळवणं हे कर्तव्य आहे. मी तेव्हा हसलो होतो, हे कबूल करतो. फोटो काढून ग्रुपवर टाकला, वर लिहिलं 'आमच्या वाडीतली क्रिकेट टीम, ग्राउंड नाही पण ड्रेस आहे.' सगळ्यांनी हसायच्या स्मायली टाकल्या. नंतर पुढे पुढे जात गेलो तसं ते हसू घशातच अडकायला लागलं, कारण प्रत्येक गावाच्या चौकात तोच एक माणूस पुतळा होऊन उभा. एदुआर्दो आबारोआ. सैनिकपण नव्हता खरं तर, २३ मार्च १८७९ ला कालामाजवळ तोपातेरच्या पुलापाशी थोडी माणसं घेऊन उभा राहिला, चिलीच्या सैन्याने शरण ये म्हटलं तर म्हणाला, "मी शरण येऊ? तुझ्या आजीला सांग शरण यायला!" आणि शेवटी एक सणसणीत शिवी, जी शाळेच्या पुस्तकातसुद्धा राहिली आहे म्हणतात. तिथेच मारला गेला. आपल्या बाजीप्रभूंच्या शेजारी नेऊन बसवावा असा माणूस, फरक एवढाच की इकडे निदान महाराज गडावर पोचले. मी ज्या अभयारण्यातून दोन दिवस धडपडत चाललो होतो, ते तांबडं तळं, फ्लेमिंगो, गरम पाण्याचे झरे, ते सगळं त्याच्याच नावाने आहे. समुद्रासाठी मेलेल्या माणसाचं नाव देशातल्या सगळ्यात कोरड्या कोपऱ्याला.

लगुना कोलोरादाबद्दल लिहायला हवं, पण ते सगळेच लिहितात. पाणी खरंच लाल आहे, गेरूसारखं, शेवाळामुळे. मधे बोरॅक्सची पांढरी बेटं. मी लांबून बघितलं तेव्हा वाटलं आई कुळथाच्या पिठल्यावर मीठ भुरभुरवून तशीच विसरून गेली आहे. फ्लेमिंगो शेकड्यांनी, मान खाली घालून, चिखल चाळत, आणि कसला आवाज नाही, वाऱ्याखेरीज. रात्री तिथल्या एका मातीच्या खोलीत झोपलो, उशाशी ठेवलेल्या बाटलीतलं पाणी सकाळी गोठलं होतं. दुसऱ्या दिवशी सोल दे मान्यानाला जमिनीतून चिखल रटरटत होता आणि गंधकाचा असा भपकारा की, हां, म्हणजे मघाशी मी म्हणालो दुसरा कसलाच वास नव्हता ते खोटं झालं, एवढा एक होता. सडक्या अंड्यांचा. पृथ्वीच्या पोटातून सडक्या अंड्यांचा वास येतो आणि त्याचं तिकीट काढून लोक फोटो काढतात, कुणी पेर्दोन म्हणत नाही.

असो.

पेट्रोलची काळजी हा त्या प्रवासातला कायमचा सोबती. उयुनी सोडल्यावर चिलीत सान पेद्रोपर्यंत धड पंप नाही, मधल्या वस्त्यांमध्ये पिंपातून काढून विकतात, त्यामुळे दहा लिटरचा कॅन मागे बांधलेला, आणि त्या काळी बाहेरच्या नंबरप्लेटला बोलिव्हियात पेट्रोलचा दर स्थानिकांच्या दुपटीहून जास्त. मी हे लिटर आणि किलोमीटरचं गणित एवढं करत होतो की आजूबाजूचं अर्धं राहूनच गेलं. उयुनीच्या मिठावर, दहा हजार चौरस किलोमीटर नुसतं मीठ, बाईक उभी करून पावाला चटणी लावून खाल्ली तेव्हा ती फार खारट लागली. म्हटलं ओठांवर मिठाची धूळ बसली असणार. बरणी मग पुरवून पुरवून ठेवली, अर्धी उरवली. कुणासाठी उरवली कुणास ठाऊक. ही आपली खास सवय, लोणचं संपत आलं की फोडी मोजायला लागायचं.

तर बरणीचं पुढे काय झालं ते सांगतो आणि तेच खरं बोचतं. आपाचेतावरून उतरून, गरम झऱ्यांपाशी बूट न काढता नुसते हात बुडवून, डावीकडे दालीचं वाळवंट, पुढे लगुना व्हेर्दे, आणि तिच्या मागे लिकांकाबूर, ५९१६ मीटर, लहान मुलाने डोंगर काढावा तसा अगदी त्रिकोण. त्याच्या कुशीत ईतो काहोन. वारा असा की उभी बाईक स्टँडवरून ढकलत होता. बोलिव्हियाचा शिक्का दोन मिनिटांत झाला. पलीकडे चिली. रस्त्याच्या कडेला जायचं नाही हे मित्राने बजावलेलं, लघवी लागली तरी डांबरावरच उभं राहायचं, कारण सत्तरच्या दशकात चिलीने या सगळ्या सीमेवर सुरुंग पेरून ठेवलेले आणि तेव्हा काढायचं काम चालूच होतं. पुढे २०२० मध्ये सगळे काढून झाल्याचं त्यांनी जाहीर केलं, पण मी गेलो तेव्हा पाट्या होत्या. शेजाऱ्याची भीती माणूस किती वर्षं जमिनीत पुरून ठेवू शकतो बघा.

चिलीच्या चौकीत फळं, बिया, मध, मांस, दूध असलं काही आणलंय का याचा फॉर्म असतो. या बाबतीत ते लोक फार कडक आहेत हे सगळ्या बायकर मंडळींना पाठ असतं, सफरचंदावरून दंड झाल्याचे किस्से प्रत्येक होस्टेलवर ऐकायला मिळतात. दाराशीच एक मोठा डबा ठेवलेला, आत जायच्या आधी टाकायचं ते टाका. त्यात केळी, अर्धं कापलेलं चीज, कोकाच्या पानांच्या पिशव्या. माझ्याकडे दोन सफरचंदं होती ती रांगेत उभ्या उभ्या खाऊन टाकली. बरणी हातात घेतली. फॉर्मवर लिहिता आलं असतं. आत टेबलामागे हातमोजे घातलेली एक बाई होती, चांगली हसतमुख, तिला विचारता आलं असतं की हे चालेल का. फार तर नाही म्हणाली असती. पण मग ती बरणी उघडावी लागली असती, आणि माझ्या मागे एक फ्रेंच जोडपं आणि जीपमधून आलेले सात-आठ लोक. मी बरणी डब्यात टाकली. न विचारता. झाकण लावलेलीच. आत गेलो, 'काही नाही' वर टिक केली आणि पाच मिनिटांत बाहेर.

बाहेर आल्यावर, हातमोजे चढवताना, पहिल्यांदा डोक्यात आलं की अरे, सकाळीच तिकडे त्या पोराला देऊन टाकली असती की.

अर्धी बरणी. दिवसभर शेगडीपाशी बसलेला तो, बहुतेक कोरडी रोटी आणि बटाटे खाणारा. आणि मला हे आधीच माहीत होतं की चिलीत ती बहुतेक जाणार नाही. तरी सुचलं नाही. म्हणजे समोरचा माणूस बरणीत नाक घालून, डोळे बारीक करून काहीतरी विचारतोय, आणि मला त्यात फक्त तक्रार ऐकू आली.

त्या दिवसातली दुसरी आठवण म्हणजे सान पेद्रोचा उतार. दोन दिवसांच्या पत्र्यानंतर एकदम गुळगुळीत डांबर, पांढरे पट्टे, आणि चाळीसेक किलोमीटरमध्ये साडेचार हजारावरून थेट अडीच हजाराच्या खाली. कान फुटल्यासारखे उघडायला लागले, इंजिन जे चार दिवस दमेकऱ्यासारखं करत होतं ते हळूहळू गळा साफ करून गायला लागलं, प्रत्येक दोन-चार किलोमीटरला जॅकेटची एक चेन उघडावी लागत होती. समोर सगळं आटाकामाचं वाळवंट पसरलेलं. हेल्मेटच्या आत ओरडलो मी, खरंच. आनंद झाला होता. म्हणजे बरणीचं वाईट वाटणं आणि हे ओरडणं यांच्यात फार तर तासाभराचं अंतर असेल, आणि दोन्ही खरं होतं.

कालामावरून गेलो, तोपातेर शोधत बसलो नाही, थकवा होता. मग आंतोफागास्ता. हे बोलिव्हियाचं बंदर होतं, इथेच १४ फेब्रुवारी १८७९ ला चिलीचं सैन्य उतरलं, खताच्या सोऱ्यावर लावलेल्या दहा सेंटाव्होच्या कराचं भांडण वाढत वाढत. आता तांबं भरलेल्या गाड्या, उंच इमारती, मॉल. मुद्दाम मासळीबाजारात गेलो. धक्क्यावर समुद्रसिंह म्हशींसारखे लोळत पडलेले, पेलिकन कोळणींच्या पायात घोटाळतात, आमच्याकडे मांजरं करतात तसे. मी पाण्याच्या अगदी कडेला उभा राहून नाकाने जोरात श्वास घेतला. मासळीचा वास होता, पण तो बाजाराचा. थोडं पुढे, खडकांवर गेलो तर काहीच नाही. थंड, ओला, लोखंडासारखा, विहिरीत वाकून बघितल्यावर येतो तसा काहीतरी. हर्णैला कसं, गाडी असूदच्या पुलावर असतानाच कळतं की आलो, सुकट, चिखल, सुरूची पानं, डिझेल, तापलेली वाळू. इथे पॅसिफिक समोर असूनही डोळे मिटले तर कळणार नाही. म्हणजे माझं उत्तर चूकच होतं. समुद्राला मासळीचा वास येत नाही, आमच्या समुद्राला येतो.

लिमाला परत पोचल्यावर बाईकची चावी देताना मित्राला हे सगळं सांगितलं. त्याचं स्पॅनिश चांगलं आहे, बायको तिकडचीच आहे त्याची. त्याने मला तीनदा तोच प्रश्न म्हणायला लावला. मग म्हणाला, तुझी खात्री आहे का तो 'एल मार' म्हणाला? कारण 'आ के वेले एल मार' म्हणजे समुद्राला कसला वास असतो. पण 'आ के वेले? आ मार?' असं असेल तर, वास कसला येतोय, समुद्राचा? 'एल' की 'आ', एवढाच फरक. कानटोपी, वारा, गालात पानांचा गोळा, आणि माझे बंद झालेले कान.

मग मला काही सुचेना. कारण इतके दिवस मी मनात एक चित्र तयार केलं होतं, बिचारा डोंगरावरचा पोरगा, समुद्र न बघितलेला, निकालाने खचलेला, एका परक्याला विचारतोय की आमचं जे हरवलं ते कसं असतं. त्या चित्रात मला स्वतःबद्दल वाईट वाटून घ्यायला भरपूर जागा होती. पण त्याने जर 'समुद्राचा वास येतोय' असं ओळखलं असेल, तर त्याला तो वास माहीत होता. आणि का नसेल? सुट्टीत चिलीतल्या आरिकाच्या बीचवर बोलिव्हियाचे लोक भरपूर जातात, माल इकीकेवरून येतो. जिंकलेल्या-हरलेल्या जमिनीवर माणसं पोहून येतात, आईस्क्रीम खातात, परत येतात. कदाचित त्याला आरिकाचा एखादा दिवस आठवला असेल. कदाचित त्याला भूक लागली असेल. कदाचित त्याला फक्त बॅग तपासायची होती. मित्राची बायको म्हणाली, "पण तू पेस्कादो म्हणालास ना? मग दोन्हीकडून उत्तर बरोबरच आहे." ती हसत होती. तिला कळलं नाही की मला 'पेर्दोन' खुपत होतं.

तो परवान्याचा कागद माझ्याकडे आहे अजून. शिक्क्यावर तेलाचा केशरी डाग पडलाय, बरणीचाच, म्हणजे झाकण मी समजत होतो तेवढं गच्च बसलेलं नव्हतंच. सही आहे, पण नाव लागत नाही.

गेल्या महिन्यात घरी गेलो होतो. आई मागच्या पडवीत सुपात जवळा घेऊन बसली होती, शंखाचे बारके तुकडे, काड्या, खेकड्यांची पिल्लं वेचून बाजूला टाकत. इतकी वर्षं तिला मी हेच सांगत आलो होतो की चटणी सगळ्यांना आवडली, चाटूनपुसून संपवली. त्या दिवशी काय झालं माहीत नाही, तिच्यासमोर पाटावर बसून मीपण वेचायला लागलो आणि वेचता वेचता सगळं सांगून टाकलं. ऑफिस, शेगडी, त्याचं नाक पुढे करणं, माझं झाकण लावणं, तो चिलीचा डबा. ती मधे फक्त एकदाच बोलली, "जेवला होता का रे तो?" मी म्हटलं, मी नाही विचारलं. ती पुन्हा वेचायला लागली. सूप एकदा पाखडलं, वाऱ्याने कोंडा माझ्या अंगावर आला.

मग म्हणाली, "बरं झालं नाही दिलीस ते. त्या खेपेस मीठ जास्त झालं होतं."